कडू कंदाची रीत

कशेळ्याहून आलेली जीप वाडीत थेट गोदाच्या दारात थांबली. एक खुर्ची मॅडमना दिली, दुसरी त्यांच्याबरोबर आलेल्या हर्षलाला. घरात तिसरी नव्हती, तेव्हा गोदाची लेक प्रिया आईशेजारी सारवलेल्या ओट्यावर टेकली. गोदाला ते रुचलं नाही. चार वर्षं पोर पीएच.डी. करते, वाडीच्या रानातल्या कंदांवर ढीगभर कागद लिहिते, अन् पाहुणी मात्र खुर्चीत.

मॅडम या प्रिया अन् हर्षला दोघींच्या पीएच.डी.च्या गाइड. बोलायला मऊ. गोदाहून चांगल्या दहा वर्षांनी थोरल्या, तरी तिलाच मावशी म्हणत होत्या. त्यांनी समजावलं, की कंदांचं काम आता हर्षला करील. प्रिया इथलीच, तिला सगळं घरातूनच ठाऊक. त्याला आठवणी म्हणतात, संशोधन नव्हे. परीक्षक असलं धरत नाहीत. तिनं दुसरा विषय घ्यावा, अन् आज हर्षलाला इथली बोली तेवढी उलगडून द्यावी.

"म्हंजे चार वर्सं पान्यात?" गोदानं लेकीला विचारलं.

"त्यांची सही लागते, आई."

हर्षलानं मोबाइल पुढं सरकवला आणि कडू कंद कसा खातात ते विचारलं. गोदानं पदर खोचला अन् सांगायला बसली. खणायचा कसा, सोलायचा कसा, पातळ कापं करून राख घालून किती उकडायची, सगळं पोटभर सांगितलं. "पानी वतून द्यायचं, मीठ लावायचं अन् खायचं. झालं."

प्रियानं चमकून आईकडं पाहिलं. गोदा समोरच्या डोंगराकडं बघत बसली होती. उकडलेली कापं करंडीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवावी लागतात. नाहीतर घसा सुजतो, माणूस ओकून ओकून आडवा होतो. वाडीतल्या सात वर्षांच्या पोरीलाही हे माहीत.

हर्षलानं सगळं भराभर लिहून घेतलं. मॅडमनी विचारलं, "एवढंच ना गं, प्रिया?"

गोदानं लेकीच्या मांडीला चिमटा काढला. असा, की वळ उठावा.

तरी प्रियानं ओढ्याचं सांगितलं. करंडीचं, रात्रीचं, घशाचं, सगळंच. म्हणाली, "कुणी वाचून खाल्लं तर मरंल, मॅडम."

गोदानं हात काढून घेतला.

हर्षला लिहिता लिहिता थांबली. हे काही मावशी बोलल्या नाहीत. मग कुणी सांगितलं म्हणून लिहायचं?

"नाव नको," मॅडम म्हणाल्या. "स्थानिक महिला, एवढंच लिही. आणि वय..." त्यांनी प्रियाकडं पाहिलं.

"एकोणतीस," प्रिया म्हणाली.