कैफियतीतली दुसरी दुरुस्ती

मुलांनो, डोळ्यांपुढे आणा बरं: एकोणीसशे त्रेपन्न साल, कोल्हापूरचं कोर्ट आणि बाकावर वडिलांना खेटून बसलेली सात वर्षांची हौसा. तिचे वडील गुंडू एका गुळाच्या अडतीवर कामाला होते. जोतिबाच्या यात्रेला रजा मागितली म्हणून मालकांनी त्यांना काढून टाकलं. नोकरी परत मिळावी म्हणून गुंडूंनी दावा लावला होता.

मालकांच्या वकिलांनी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली, की गुंडू कामावर झोपतो. साक्षीदार मिळेना, तेव्हा दुरुस्ती केली, की गुंडू भांडखोर आहे. तेही टिकेना. आज दुसरी दुरुस्ती वाचली गेली, "हा इसम आमच्याकडे नोकरीला कधी नव्हताच. मालक त्याला ओळखतही नाहीत."

"मग दादा, तुमी रोज कुठं जात हुता?" हौसानं विचारलं.

"गप बस, पोरी. शिकल्याली माणसं बोलाय लागल्यात."

पलीकडच्या बाकावर बसलेल्या मालकांनी समाधानानं मान डोलावली. घसा कोरडा पडला होता, तशी सवयीनं हाक मारली, "गुंड्या, पाणी आण."

गुंडूही सवयीनं उठले.


हौसानं त्यांचं धोतर धरून त्यांना खाली बसवलं आणि न्यायाधीशांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बसा की दादा. त्ये आपल्याला वळखत न्हाईत."