शेवटचा भाग

वायर बदलून झाली, लॅपटॉप पुन्हापुन्हा बंद-चालू करून झाला, तरी सेट टॉप बॉक्समधली मालिका काही लॅपटॉपात उतरेना.

"काऊन येऊन नाई राह्यली?" मोतीलाल जावयावर खेकसले.

"मामाजी, बॉक्समधलं बॉक्सवरच चालते," भूपेंद्र म्हणाला. "घरच्या टीव्हीवर पाहा ना. आन मामीच्या सीरियलले तं तुम्ही शिव्या देत होते!"

मोतीलालनी रिमोट गादीवर आपटला. वच्छलाबाई दवाखान्यात असताना मालिका संपली. शेवटचा भाग त्यांनी बायकोसाठी रेकॉर्ड करून ठेवला, पण ती घरी परत आलीच नाही.



"उद्या तिचा दहावा आहे, जावईबापू. पवनारच्या घाटावर कावळा शिवला नाई, तं तिथं टीव्ही कुठून आणू?"