मोज्याची रेघ

तेजरामच्या गुडघ्याखाली मोज्याची रेघ उमटली होती. तिच्याखालची कातडी फिकट, वरची रापलेली. त्याच्या पायाला तेल चोळताना थोरल्या भावाची, इश्वरची नजर त्या रेघेवरून हलत नव्हती.

चार वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या फुटबॉल क्लबने नागपूरला खेळाडू निवडले, ते ऐन धानाच्या रोवणीत. गोल इश्वरच जास्त करायचा. पण चिखलात बैलही त्यालाच नीट धरता यायचे, म्हणून बापाने त्याला वावरात ठेवलं आणि कामाला कच्च्या तेजरामला पाठवलं.

आता गुडघा मोडून तेजराम कायमचा परतला होता. तरी सारं आसगाव त्यालाच पाहायला लोटलं होतं. इश्वरला ते लोक बघवत नव्हते.

"दादा, मले आता धावता नाही येत," तेजराम म्हणाला, "पण बैलामांगं चालता येते. तुह्यासंग वावरात राबतो."

"लय झाक!" बाप खूश झाला. "इश्वर, उद्या चिखलणी काढा दोघं."

इश्वरने तेलाची वाटी खाली ठेवली.

"दोघं कायले? बैल आता तेज्याच धरन. माह्ये गुडघे साबूत हायेत अजून, बा. मी नागपूरले ट्रायलले चाललो."