पालीची पूड

"घरचं जेवण, दुसरं काही नाही," आनंदीबाई म्हणाल्या, आणि शेजारच्या खुर्चीत बसलेल्या त्यांच्या सुनेने, अनुयाने, मान खाली घातली.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. काढा, चूर्ण, भस्म, कुणी प्रेमाने दिलेलं काहीही? आनंदीबाईंच्या स्तनाच्या कॅन्सरसाठी केमोचे दोन डोस सुरळीत पार पडले होते, आणि आता तिसऱ्याच्या तोंडावर लिव्हरचे आकडे चौपट झाले होते. दोन आठवड्यांत ते उतरले नाहीत तर हे औषधच थांबवावं लागेल, असं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

आनंदीबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं. "नाही हो डॉक्टर, काहीच नाही."

अनुयाला त्यांचा राग आला आणि कीवही आली. ही लपवाछपवी कुणासाठी, हे काय तिला कळत नव्हतं? बापूंसाठी! तिचे सासरे दर संकष्टीला चौलहून पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला जायचे आणि येताना तिथल्या गणराज वैद्यांकडून तपकिरी पूड घेऊन यायचे. रोज संध्याकाळी मधातून एक चमचा, तोही स्वतःच्या हाताने. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ज्यांनी बायकोला कधी पाण्याचा पेला दिला नाही, ते आता चमचा भरवत होते. हे डॉक्टरांपुढे उघडं करायचं कसं? अनुयाने रिपोर्टची फाइल मिटली.

निघताना नर्सने केमो चालू असताना काय घेऊ नये याचं एक छापील मराठी माहितीपत्रक हातात दिलं. अनुयाने ते न वाचताच सासूच्या पिशवीत सरकवलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची. झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, या समजुतीवर तिने नववीच्या वर्गात अख्खा तास तोफ डागली होती. तिला तो कागद नवीन काय सांगणार होता?

बापूंशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. "वैद्यांच्या हाताला गुण आहे हो, सूनबाई," हे एकच वाक्य ते चार तऱ्हांनी म्हणत. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुपाऱ्या वाळत घालायला वाडीत गेल्याबरोबर अनुयाने फळीवरचा डबा काढला. पूड मोरीत ओतली आणि डब्यात भाजलेलं नाचणीचं पीठ भरलं. रंग अगदी हुबेहूब जमला. चवीचं काय? ती पूड जिभेला लावून बघायचीही तिला किळस होती, आणि केमोपासून आनंदीबाईंना सगळं मातीसारखंच लागत होतं. तेव्हा तो प्रश्न मिटला.

मग तिने पहिल्या केमोपासूनच्या शिरस्त्याप्रमाणे सासूसाठी पेज वाढली, शेजारी मोसंबं, पाण्याचा तांब्या आणि ऑनलाइन मागवलेली ग्रीन टीच्या अर्काची ताकदीची कॅप्सूल ठेवली, आणि धावतपळत शाळा गाठली.

ते दोन आठवडे कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. संध्याकाळी बापू देवासमोर हात जोडून नाचणीचं पीठ मधात कालवायचे, "हं, आ कर," म्हणायचे, आणि आनंदीबाई शहाण्या मुलीसारखं तोंड उघडायच्या. अनुयाला हसूही यायचं आणि भीतीही वाटायची. फार उशीर तर झाला नसेल ना?

पंधराव्या दिवशी रिपोर्ट तिच्या मोबाइलवर आला तेव्हा ती शाळेच्या प्रयोगशाळेत होती. आकडे उतरले होते. जवळजवळ पूर्वीसारखे झाले होते. ती तिथेच स्टुलावर बसली आणि मनसोक्त रडली. बाई का रडतायत हे नववीच्या पोरांना कळेना, तेव्हा एकीने खिडकी उघडली.

त्यानंतर गाडी अडली नाही. बापू पूड आणत गेले, अनुया डबा बदलत गेली. तिसरा डोस झाला, सहावा झाला, ऑपरेशन झालं. शेवटच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "आता सहा महिन्यांनी भेटायचं." बापूंनी सगळ्या आळीला पेढे वाटले आणि प्रत्येक पेढ्यामागे पालीच्या वैद्यांचं नाव घेतलं. अनुया ओठ आवळून पेढ्यांचं ताट पुढे करत राहिली.

पण वैद्यांनाच पेढे द्यायला पालीला जायचं ठरलं, तेव्हा मात्र तिने मनाशी पक्कं केलं. बापू देवळाच्या रांगेत उभे राहिले. या दोघी वैद्यांच्या ओसरीवर टेकल्या, आणि अनुयाने सासूसमोरच सगळं बोलून टाकलं. डबा, मोरी, नाचणी, सगळं. "आमच्या आई वाचल्या म्हणून ठीक. पण पुढच्या पेशंटला तरी असलं काही देऊ नका."

वैद्यांनी पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे माझी एवढी चांगली नाचणी मोरीत गेली म्हणायची."

"म्हणजे?"

"सूनबाई, केमो चालू असलेल्या माणसाला मी माझं औषध देत नाही. त्याचं काय होईल, याचा पुरावा माझ्यापाशी नाही. पण बापूंना नाही म्हटलं असतं तर ते दुसऱ्याच्या दारात गेले असते, आणि तिथून काय घेऊन आले असते देव जाणे. म्हणून पहिल्या पुडीपासून नाचणीचं पीठच. खमंग भाजलेलं."

अनुयाला हसू फुटलं. केवढं ओझं उतरलं! इतके महिने नाचणी ओतून ती नाचणीच भरत होती. हसता हसता ती थांबली.

"पण मग आकडे वाढले कशाने? आणि उतरले कशाने?"

"ते तुमच्या डॉक्टरांना माहीत."

"माहीत आहे त्यांना," आनंदीबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुनेचा हात धरला. "नर्सने दिलेला तो कागद मी वाचला, आणि दुसऱ्या दिवशी तू शाळेला गेल्यावर फोन करून त्यांना खरं ते सांगून टाकलं. त्यांनी थांबवा म्हटलं, ते त्याच दिवसापासून थांबवलं. दवाखान्यात कशी सांगणार होते गो? शेजारी तूच बसली होतीस, आणि त्या कॅप्सूल इतक्या मायेने तूच मला देत होतीस."