आजोबांचा महिना

सकाळच्या शांततेत भिंतीवरचं कॅलेंडर खट्कन वाजलं. केतकी तव्यावरची भाकरी तशीच सोडून धावली. घरातल्या प्रत्येकाच्या मनगटावरचा पट्टा रक्तदाब आणि झोप मोजायचा, आणि पक्षाघाताचा धोका असलेला महिना कॅलेंडरवर नावापुढे उमटायचा. ज्याचा महिना जवळ, त्याचं नाव वर. गेली दिवाळी झाल्यापासून सगळ्यात वर सासऱ्यांचं नाव होतं आणि पुढे यंदाचा नोव्हेंबर.

"अप्पा, लवकर या! तुमचा नोव्हेंबर गेला!"

फिरून आलेले अप्पा बुटांसकट आत आले. "गेला? कुठं गेला?"

"पार अकरा वर्षं पुढं!"

अप्पांनी सहा वर्षांच्या शर्वीला उचलून गिरकीच घेतली. "तंबाखू सुटली, रोज पाच किलोमीटर चाललो, वर तुझं अळणी जेवण. तुरुंगात बरं मिळत असेल गं!"

"म्हणा काहीही. शर्वीच्या दहावीचे पेढे आता तुम्हीच वाटायचे."

हसता हसता केतकीनं डोळे पुसले. अप्पांचं लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या बंद झाल्यावर भरल्या बरण्या टाकायला तिचा जीव होईना. रोज ओट्याशी उभ्या उभ्या, घाईघाईत, तीच एकटी ते सगळं संपवत होती.

अप्पांच्या कडेवरून वाकून शर्वी कॅलेंडरवर बोट फिरवत होती.

"आई, आजोबा खाली गेले. पण सगळ्यात वर तुझं नाव का आलं?"