उजव्या विंगेतली आक्का

दुसरा अंक सुरू झाला तेव्हा आक्का उजव्या विंगेत स्टुलावर बसली होती. मांडीवर नाटकाची वही, हातात छोटी बॅटरी, गालात खोकल्याची गोळी. आज काहीही झालं तरी खोकायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं. पण खोकला कुणाच्या बापाचं ऐकतो?

मध्यंतरात मॅनेजर येऊन सांगून गेला होता. अगदी अदबीने, म्हणजे जास्तच लागेल असं. "आक्का, तुमचा खोकला तिसऱ्या रांगेपर्यंत जातो. लोक तक्रार करतात. उद्यापासून प्रॉम्प्टिंगला दुसरं कुणीतरी बसेल. तुम्ही आता आराम करा." शेजारीच आरशापुढे तिचा धाकटा भाऊ, म्हणजे नाटकाचा नायक, मिशी चिकटवून घेत होता. त्याने हूं की चूं केलं नाही. मॅनेजरच्या बोलण्यापेक्षा तेच आक्काला जास्त झोंबलं.

आता हा खोकला आला कुठून, तर त्या भावाच्याच सिगारेटमधून. आक्काने जन्मात कधी सिगारेट हातात धरलेली नाही. पण भाऊ ज्या न्यायाधीशांचं काम करतो, ते दुसऱ्या अंकात चांगली लांबलचक सिगारेट ओढतात. डावीकडचा पंखा बंद करावा, तर घामाने मिशी सुटते. तो चालू ठेवावा, तर सगळा धूर उचलून उजव्या विंगेत आणून ओततो. प्रेक्षकांना धूर नुसता दिसतो, आक्काच्या तो छातीत जातो. तिने डाव्या विंगेत बसावं म्हटलं, तर भावाचा डावा कान कामातून गेलेला, आणि वाक्य तर तो हमखास विसरणार. वडिलांपुढे पाढे विसरायचा, तेव्हाही दाराआडून हीच सांगायची.

तिकडे रंगमंचावर मुलगा घर सोडून गेल्याचं न्यायाधीशांना कळलं. आता खिशातून सिगारेट, मग काडी, मग डोळे मिटून एक मोठा झुरका, आणि मग टाळी. ती टाळी ठरलेली होती. त्या झुरक्यासाठी लोक दुसऱ्यांदा तिकीट काढून यायचे.

पण न्यायाधीश नुसतेच उभे.

झालं, विसरला मेला, आक्का मनात म्हणाली.

"सिगारेट," तिने हळूच सांगितलं. काही नाही. "सिगारेट. कोटाच्या खिशात." तो ढिम्म. नाटकातली बायको पुढचं वाक्य तोंडात धरून थांबलेली. तिला "पुरे करा आता ती सिगारेट" असं म्हणायचं होतं, आणि पुरे करायला आधी सिगारेट तर हवी.

आक्काचा जीव टांगणीला लागला. आपला इथला शेवटचा दिवस, आणि आजच याने माती खावी ना.

"बाळ्या, अरे सिगारेट!"

हे मात्र पुढच्या दोन-तीन रांगांना स्वच्छ ऐकू गेलं. कुणीतरी फिसकन हसलं.

न्यायाधीशांनी विंगेकडे मान वळवली. "ऐकलं मी," ते म्हणाले. "ओढणार नाही."

बायकोचं काम करणारी नटी या धंद्यात मुरलेली होती. ती डगमगली नाही. "नवलच म्हणायचं," ती म्हणाली. "आणि आतून बोललं कोण?"

"माझी बहीण. आतल्या खोलीत असते. इथे ओढतो मी आणि छाती भरते तिची. इतकी वर्षं ती खोकते. मला वाटायचं, वयामुळे असेल. तेवढंच वाटून घेणं सोयीचं होतं मला."

वहीत यातलं एक अक्षर नव्हतं. तरी आक्काने सवयीने पान उलटून पाहिलं. मग तिच्या ध्यानात आलं, की हा काही विसरलेला नाही. तिला भरून आलं. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं एकदम घशाशी आलं, आणि बाहेर पडला तो खोकला. चांगला सणसणीत, थांबता थांबेना असा. तिसरी रांग कसली, तो पार मागच्या दारापर्यंत गेला. या खेपेला कुणी हसलं नाही.

"अगं, बघत काय राहिलीस?" न्यायाधीश बायकोला म्हणाले. "पाणी दे तिला."

नटीने टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि शांतपणे चालत विंगेत येऊन तो आक्काच्या हातात दिला. मागे प्रेक्षकांत टाळी पडली. विंगेत मॅनेजर डोक्याला हात लावून उभा होता.

"अहो, पण उद्या काय करायचं?" तो कुजबुजला.

"उद्यापासून टेबलावर दोन ग्लास ठेवा," नटी म्हणाली. "एक आक्कांना लागेल."

मॅनेजरने टाळ्यांचा अंदाज घेतला आणि मान डोलावली.

तिकडे रंगमंचावर भाऊ एकटाच उरला होता. बायको आत गेलेली, सिगारेट खिशातच, आणि पुढचं वाक्य कुठेही लिहिलेलं नाही. आता मात्र तो खरोखरच अडकला होता. काहीतरी विचारात असल्यासारखं करत त्याने हळूच उजवा कान विंगेकडे केला आणि वाट पाहत उभा राहिला.

आक्काने पाण्याचा एक घोट घेतला. वही मिटून ठेवली.

"बस आता खुर्चीत," ती म्हणाली. "दमलास."

न्यायाधीश मुकाट्याने बसले.