काळं कोकरू

बुरुलने मेलेल्या कोकराचं पांढरं कातडं आईविना उरलेल्या काळ्या कोकराच्या अंगावर बांधलं आणि त्याला मेंढीपुढे ढकललं. मेंढीने हुंगून पाहिलं. आपल्याच पिल्लाचा वास येताच तिने त्याला कासेला लागू दिलं.

"फसली बिचारी!" शेजारी उकिडवी बसलेली पोर म्हणाली. "आता हे जन्मभर असंच फिरणार?"

बुरुलला हसू आलं. "छे गं मेरिम! चार दिवस दूध प्यायलं की त्याच्या अंगाला हिचाच वास लागतो. मग कातडं काढायचं. काळं तर काळं, पोटचं म्हणूनच पाजते ती. आणि पांढऱ्या कळपात एखादं काळं हवंच. बर्फात लांबून तेवढंच तर दिसतं."

"आणि काढलंच नाही तर?"

"गुदमरून मरेल की! वाढत्या अंगाला दुसऱ्याचं कातडं पुरतं होय?"

पोर कोपरापर्यंत चढलेल्या कोटाच्या बाह्या खाली ओढत हळूच म्हणाली, "काकू, तुझ्या मेरिमला जाऊन दोन हिवाळे झाले. तिचा कोटही मला होत नाही आता. मला जिबेक म्हण ना."